रेव्हिटमध्ये भिंती आणि उतरतं छप्पर: मिस्त्री जे विचारणार ते आधीच ठरवून घ्या

नवीन मुलं रेव्हिट, म्हणजे इमारतीचं थ्रीडी मॉडेल करायचं ऑटोडेस्कचं सॉफ्टवेअर, उघडतात आणि पहिल्याच मिनिटाला डब्ल्यू-ए दाबून भिंती ओढायला लागतात. दिसतं पण छान, थ्रीडी फिरवून बघितलं की घर उभं राहिल्यासारखं वाटतं, पण छप्पर टाकायची वेळ आली की सगळं फिसकटतं, एक भिंत छपरातून वर डोकावते, दुसरीच्या डोक्यावर फट राहते, वळचण एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली, आणि मग पोरं एकेक भिंत सिलेक्ट करून तिची उंची हाताने कमीजास्त करत बसतात. हा धंदा करूच नका.

आमच्याकडे इंदूरला साइटवर मिस्त्री चिनाईला उभा राहिला की तीन गोष्टी विचारतो. "मैडम, लाइन किधर की पकडूँ? कहाँ तक उठाऊँ? और छपाई कितनी?" छपाई म्हणजे प्लास्टर. रेव्हिट नेमकं हेच तीन प्रश्न विचारतं, फक्त ते प्रॉपर्टीजच्या पट्टीत गुपचूप विचारतं आणि तुम्ही उत्तर दिलं नाही तर आपल्या मनाने काहीतरी धरून चालतं. मिस्त्री निदान काम थांबवून चहा तरी पितो.

उदाहरण म्हणून एक साधं घर धरू. सुदामा नगरच्या बाजूला असतो तसा २० बाय ५० चा प्लॉट, तळमजला आणि वर एक मजला, नऊ इंची विटांच्या बाहेरच्या भिंती, आतल्या साडेचार इंची, वर गच्ची, आणि गच्चीवर मागच्या अंगाला एक दुपाखी कौलारू खोली, तिला लागून छोटी पडवी. आजोबांना उन्हाळ्यात गच्चीवर झोपायचंय म्हणून ही खोली, असं क्लायंट सांगतात, आणि शेवटी तिथे जुने ट्रंक जातात, पण ते सोडा.

आधी लेव्हल, मग बाकी सगळं

लेव्हल म्हणजे मजल्यांच्या उंचीच्या आडव्या रेघा. त्या प्लॅनमध्ये काढता येत नाहीत, एलेव्हेशन किंवा सेक्शनमध्ये जाऊनच काढाव्या लागतात. जमीन शून्यावर, जोतं ६०० मिमीवर (आपल्याकडे काळी माती, पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, जोत्यात कंजुषी करायची नाही), पहिला स्लॅब ३७५० वर, गच्ची ६९०० वर. आणि याच्यावर अजून एक लेव्हल, तिला नाव द्या 'वळचण', गच्चीपासून २४०० वर म्हणजे ९३०० ला. ही शेवटची लेव्हल बहुतेक जण काढतच नाहीत, छप्पर सरळ गच्चीच्या लेव्हलवर ठेवतात आणि वर ऑफसेट, म्हणजे लेव्हलपासूनचं अंतर, देतात. चालतं तसंही, पण उद्या उंची बदलली की भिंत आणि छप्पर दोन्हीकडे वेगवेगळं बदलायला लागतं.

एक बारीक गोष्ट. कॉपी कमांडने लेव्हल काढली तर तिचा प्लॅन आपोआप तयार होत नाही आणि लेव्हलच्या टोकाचा गोळा निळा न दिसता काळा दिसतो. घाबरायचं नाही, व्ह्यू टॅबमध्ये जाऊन फ्लोअर प्लॅन म्हणा, यादीत ती लेव्हल दिसेल, तिथून प्लॅन बनवून घ्या.

आपल्याकडे बोलणं सगळं फूट-इंचात आणि कागद सगळे मीटर-मिलिमीटरमध्ये. मी मेट्रिक टेम्प्लेट घेते आणि नऊ इंचाला २३०, साडेचारला ११५ धरते. मधे युनिट बदलता येतं, पण एकदा ठरवलं की ठरवलं.

भिंत

आयता मिळतो तो जेनेरिक वॉल वापरून पूर्ण घर काढू नका. एडिट टाइप, डुप्लिकेट, नाव द्या 'बाहेरची २३०', मग स्ट्रक्चरच्या पुढचं एडिट दाबा. आत एक तक्ता उघडतो, वरची ओळ बाहेरची बाजू, खालची आतली. मधे कोअर बाउंड्री नावाच्या दोन ओळी असतात, त्यांच्या आत वीट २३०, वरच्या बाउंड्रीच्या बाहेर बाहेरचं प्लास्टर २०, खालच्याच्या बाहेर आतलं प्लास्टर १२. मिस्त्रीच्या छपाईच्या प्रश्नाचं उत्तर इथेच दिलं गेलं. एकूण २६२. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे छपराच्या वेळी लागणार आहे.

प्रत्येक थराला फंक्शन विचारतात, स्ट्रक्चर १, सबस्ट्रेट २, असं करत फिनिश ४ आणि ५ पर्यंत. हे आकडे शोभेचे नाहीत. दोन भिंती भेटल्या की लहान आकड्याचा थर मोठ्या आकड्याच्या थराला कापून पुढे जातो, म्हणून साडेचार इंची भिंत नऊ इंचीला येऊन भिडली की वीट प्लास्टर फोडून विटेला जाऊन मिळते आणि प्लास्टर कोपऱ्यात वळतं, साइटवर होतं तसंच. पण त्यासाठी दोन्हीकडे विटेचं मटेरियल एकच पाहिजे. एकात 'ब्रिक कॉमन' आणि दुसऱ्यात स्वतः बनवलेली 'वीट' असेल तर मधे एक रेघ राहते आणि मग कोणीतरी ती रेघ लपवायला तासभर घालवतं.

आता मिस्त्रीचा पहिला प्रश्न, लाइन कुठली. रेव्हिटमध्ये याला लोकेशन लाइन म्हणतात, सहा पर्याय आहेत: भिंतीचा मध्य, कोअरचा मध्य, फिनिशचा बाहेरचा आणि आतला चेहरा, कोअरचा बाहेरचा आणि आतला चेहरा. मी बाहेरच्या भिंतींना कायम 'कोअर फेस एक्स्टीरिअर' ठेवते. कारण साधं आहे, नऊ इंची कॉलम आणि नऊ इंची वीट बाहेरून एका सुतात पाहिजे, प्लास्टर नंतर दोघांवरून जातं. तुम्ही फिनिशचा चेहरा धरला आणि नंतर क्लायंट म्हणाला की बाहेर दगडाची टाइल लावू, तर थर जाड झाला की तो बाहेर न जाता वीट आत सरकते, कॉलम तिथेच, आणि खोली ४० मिमीने बारीक. बाथरूममध्ये ४० मिमी म्हणजे दार उघडणार की नाही याचा प्रश्न.

यात अजून एक गंमत आहे. भिंत काढून झाल्यावर लोकेशन लाइन बदलली तर भिंत जागची हलत नाही, म्हणून लोकांना वाटतं की काही झालंच नाही. पण पुढच्या वेळी तुम्ही टाइप बदलला किंवा भिंत पलटली की ती त्या नव्या रेघेभोवती फिरते. मग "ताई, भिंत आपोआप सरकली" असं ऐकायला मिळतं. आपोआप काही सरकत नसतं बाबा.

बाहेरच्या भिंती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने काढा, बाहेरची बाजू बाहेरच राहते. उलटं काढलं गेलं असेल तर भिंत सिलेक्ट करून स्पेसबार मारा, पलटते. पलटायचे छोटे बाण ज्या बाजूला दिसतात ती बाहेरची बाजू, कधी शंका आली तर तिथे बघायचं.

दुसरा प्रश्न, कुठपर्यंत. भिंत काढायच्या आधी वरच्या पट्टीत 'अनकनेक्टेड' लिहिलेलं दिसलं तर थांबा. तिथे वरची लेव्हल निवडा. म्हणजे लेव्हल हलली की भिंत तिच्याबरोबर जाईल. आणि बाहेरची भिंत जोत्यापासून गच्चीपर्यंत एकच अखंड काढायचा मोह टाळा, साइटवर अशी भिंत कोणी उठवत नाही, बीमखाली चिनाई थांबते, बीम-स्लॅब भरतात, मग वरच्या मजल्याची चिनाई. बीम १८ इंची असेल तर टॉप ऑफसेट उणे ४५० द्या. विटांचा हिशोब तेव्हाच खरा येतो. बाहेरून दोन मजल्यांच्या मधे रेघा दिसतात, एकाच टाइपच्या दोन भिंती थेट एकावर एक आल्या असतील तर जॉइन जिऑमेट्रीने त्यांच्यातली रेघ जाते. बीमवरून जाणाऱ्या प्लास्टरसाठी काही लोक २० मिमीची वेगळी भिंत काढतात, मला ते घरगुती कामात डोक्याला ताप वाटतं, मोठ्या बिल्डिंगचं क्वांटिटीचं काम असेल तर करा.

कोपऱ्यात दोन भिंती नको तिथे आपसात चिकटत असतील तर टोकाच्या निळ्या ठिपक्यावर राइट क्लिक, डिसअलाउ जॉइन. जिन्याच्या इथे आणि कंपाउंड वॉल घराला भिडते तिथे हे हमखास लागतं.

जुन्या घराचं मोजमाप करून मॉडेल करायचं असेल, जुनी इंदूर भागात अजून मातीच्या, खाली जाड आणि वर निमुळत्या होत जाणाऱ्या भिंती सापडतात, तर तिरकी भिंत रेव्हिट २०२१ पासून आणि निमुळती २०२२ पासून आयती मिळते. त्याआधीच्या व्हर्जनवर असाल तर इन-प्लेस, म्हणजे त्या जागीच हाताने घडवून, काढावी लागेल. राजवाड्यासारखं काही, खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी, असं काढायचं असेल तर मजल्यागणिक भिंतीचे टाइप वेगळे करण्यावाचून इलाज नाही.

गच्ची म्हणजे सपाट छप्पर, पण खरं सपाट नव्हे

इथे लोक रूफ टूल वापरावं की फ्लोअर टूल यावर भांडतात. फरक एवढाच लक्षात ठेवा की फ्लोअरचा वरचा चेहरा लेव्हलला बसतो आणि जाडी खाली जाते, रूफचा खालचा चेहरा लेव्हलला बसतो आणि जाडी वर जाते. १२५ चा स्लॅब रूफने काढला तर त्याचा वरचा चेहरा लेव्हलच्या १२५ वर जातो. म्हणून आरसीसी स्लॅब मी फ्लोअरने काढते आणि त्याच्यावर कोबा वेगळा फ्लोअर म्हणून.

कोब्याला उतार द्यायचा तर त्याच्या टाइपमध्ये कोब्याच्या थरापुढे 'व्हेरिएबल' वर टिक करा. मग तो फ्लोअर सिलेक्ट करून मॉडिफाय सब-एलिमेंट्स, पाइपाच्या जागी अॅड पॉइंट, बाकी कडा वर उचला. शंभराला एक असा उतार धरला तर ६ मीटरमध्ये ६० मिमी, पाइपापाशी ५० जाडी असेल तर लांबच्या टोकाला ११०. व्हेरिएबलची टिक विसरलात तर कोब्याची जाडी सगळीकडे एकसारखी राहून अख्खा थर वाकडा होतो, खालून स्लॅबमध्ये घुसतो किंवा हवेत राहतो. सेक्शनमध्ये लगेच कळतं, प्लॅनमध्ये बिलकुल कळत नाही.

कौलारू छप्पर

'वळचण' लेव्हलचा प्लॅन उघडा, आर्किटेक्चर टॅब, रूफ, रूफ बाय फुटप्रिंट (फुटप्रिंट म्हणजे छपराची प्लॅनमधली बाहेरची रेघ). पिक वॉल्स निवडा, ओव्हरहँग, म्हणजे छप्पर भिंतीबाहेर किती येणार ते, ६०० लिहा, 'डिफाइन्स स्लोप' टिक ठेवून दोन लांब भिंती टिपा. मग टिक काढून दोन आखूड भिंती टिपा. झालं दुपाखी. चारही बाजूंना टिक ठेवली असती तर चौपाखी झालं असतं, आणि घर एल आकाराचं असेल तर आतल्या कोपऱ्यात दोन उतार मिळतात ती खोलगट रेघ रेव्हिट स्वतः काढतं, तुम्ही फक्त बाहेरची रेघ द्यायची. प्रत्येक उताराच्या रेघेशेजारी छोटा त्रिकोण आणि आकडा दिसतो, तिथे ३० अंश लिहा. कौलांना मी याच्याखाली जात नाही, पत्रा असेल तर १५ लाही भागतं.

फिनिश दाबलं की विचारतं, या भिंती छपराला जोडू का? सध्या नाही म्हणा. आधी छप्पर बरोबर आहे का ते बघू. आणि चुकून खालच्या लेव्हलवर असाल तर 'सगळ्यात खालची लेव्हल आहे, वर हलवू का' असंही विचारतं, ते वाचून घ्या, डोळे मिटून ओके नको.

आता तो २६२ चा आकडा. छपराच्या प्रॉपर्टीजमध्ये 'राफ्टर ऑर ट्रस' नावाची एक ओळ आहे जी कोणी बघत नाही. पिक वॉल्सने छप्पर काढलं असेल तरच ती लागू पडते. राफ्टर असेल तर छपराचा तळ भिंतीच्या आतल्या चेहऱ्यापाशी लेव्हलला टेकतो, ट्रस असेल तर बाहेरच्या चेहऱ्यापाशी. आता ३० अंशाला दर मीटरला ५७७ मिमी उतार. राफ्टर धरलं तर आतल्या चेहऱ्यापासून वळचणीच्या टोकापर्यंत २६२ अधिक ६००, म्हणजे ८६२ मिमी, आणि त्यात छप्पर साधारण ४९८ ने खाली येतं. लेव्हल गच्चीपासून २४०० वर होती, म्हणजे वळचणीखाली उंची उरली १९०२, सव्वासहा फूट. आपला कुठलाही उंच पाहुणा गच्चीवर पापड वाळत घालायला गेला की कपाळ फुटणार. ट्रस धरलं तर फक्त ६०० चाच उतार मोजायचा, ३४६ ने खाली, उरले २०५४, पावणेसात फूट. त्याच छपराचा, त्याच कोनाचा, त्याच लेव्हलचा फरक दीडशे मिमी. पाहिजे तर बेस ऑफसेटने अजून वर घ्या, पण आधी हा हिशोब कागदावर करून घ्या, नंतर आढं किती वर जातंय तेही कळतं: खोली आतून ३६०० रुंद असेल तर राफ्टर पद्धतीत आढ्याचा तळ गच्चीपासून ३४३९ वर.

जाडीचं पण असंच. वासे, रीपा, कौलं मिळून टाइपमध्ये १५० लिहिलं तर ते उताराला काटकोनात मोजतात, उभं मोजलं तर १७३ भरतं. आणि कृपा करून एकेक कौल मॉडेल करू नका, मटेरियलला सरफेस पॅटर्न द्या, फाइल हलकी राहते. वास्यांची टोकं 'राफ्टर कट' मध्ये ठरतात, प्लंब कट म्हणजे उभं कापलेलं, टू कट स्क्वेअर म्हणजे उताराला काटकोनात आणि खालून छाटलेलं. फेशिया पट्टी आणि पत्र्याची पन्हळ लावायची असेल तर प्लंब बरं, पन्हळ उभ्या पट्टीवर नीट बसते.

पश्चिमेच्या बाजूला ओव्हरहँग जास्त ठेवा, पावसाळ्यात झड तिकडून येते. पण एका बाजूला ६०० आणि दुसऱ्या बाजूला ९०० केलं की वळचणी वेगळ्या उंचीवर जातात, कारण जास्त लांब गेलेलं छप्पर जास्त खाली जातं. फुटप्रिंट एडिटमध्ये 'अलाइन ईव्ह्ज' आहे, ते वापरून एकाची उंची दुसऱ्याला जुळवता येते. समोरून दिसत नसेल तर मी तशीच सोडते, जुन्या वाड्यांमध्ये कुठे दोन्ही बाजू सारख्या असतात.

पडवीचं छप्पर वेगळं काढा. त्यात एकाच बाहेरच्या रेघेला स्लोपची टिक, बाकी तिघींची काढा, आणि खोलीच्या बाजूची रेघ भिंतीच्या प्लास्टरच्या चेहऱ्यावर आणून ठेवा, आत घुसवू नका. दीड मीटरच्या पडवीला १५ अंश पत्रा दिला तर वर ४०२ मिमी चढतं, म्हणजे भिंतीला टेकतं ती उंची खिडकीच्या वर येते की खिडकीलाच आडवी जाते ते आधी बघा. दोन्ही टोकांची उंची पक्की माहीत आहे आणि कोन शोधत बसायचं नाही अशा वेळी स्लोप अॅरो काढा, शेपटीची आणि डोक्याची उंची लिहा, कोन तो बघून घेतो. फक्त ज्या रेघेवर अॅरो ठेवलाय तिची डिफाइन्स स्लोपची टिक काढलेली पाहिजे, दोन्ही एकदम मानत नाही.

आता भिंती जोडा. एका भिंतीवर कर्सर नेऊन टॅब दाबा, अख्खी साखळी उजळते, क्लिक करा, मग अटॅच टॉप, मग छपरावर क्लिक. त्रिकोणी भिंती आपोआप आढ्यापर्यंत चढतात, लांब भिंती वास्याखाली थांबतात. हाताने एडिट प्रोफाइल करून त्रिकोण काढायची गरज नाही, आणि काढलात तर उद्या कोन ३० चा ३५ झाला की परत काढा. अटॅच केलेली भिंत छपराबरोबर स्वतः बदलते. 'भिंत जोडली आहे पण छपराला लागत नाही' अशी वॉर्निंग आली तर छप्पर त्या भिंतीच्या पूर्ण लांबीवर पोचत नाहीये, फुटप्रिंट बघा. आणि छप्पर आवडलं नाही म्हणून डिलीट करून नवीन काढू नका, सगळ्या भिंती सुटतात, त्यापेक्षा एडिट फुटप्रिंट करा.

गच्चीचा प्लॅन उघडला तर छप्पर दिसणारच नाही, 'वळचण' चा उघडला तर आढ्यापाशी एक बारीक चीर दिसेल आणि बाकी उतार. हे बिघडलेलं नाही. प्लॅन लेव्हलच्या १२०० वर कापतात, आपलं छप्पर गच्चीपासून १९०२ च्या वर सुरू होतं म्हणून तिथे नाही, आणि वळचणीच्या लेव्हलपासून आढ्याचा माथा १२१२ ला येतो म्हणून वरचे १२ मिमी छाटले जातात. व्ह्यू रेंजमध्ये कट प्लेन २००० करा, टॉप त्याच्यावर ठेवा, पूर्ण छप्पर वरून दिसेल. छपराचा प्लॅन वेगळा डुप्लिकेट करून त्यालाच हे द्या, मजल्याच्या प्लॅनची व्ह्यू रेंज बदललीत तर खिडक्या गायब होतात.

आर्किकॅडवाल्यांना यातलं बरंचसं तसंच लागू आहे, तिथे लोकेशन लाइनच्या जागी रेफरन्स लाइन आणि अटॅचच्या जागी ट्रिम. स्केचअपमध्ये भिंत म्हणून काही वस्तूच नसते, नुसते चेहरे, त्यामुळे तिथे हे आकडे तुम्हालाच सांभाळावे लागतील. कॉलेजात असाल तर ऑटोडेस्कचं शैक्षणिक लायसन्स फुकट मिळतं, दर वर्षी रिन्यू करायचं, फक्त विंडोज लागेल.

प्रिंट काढायच्या आधी एक सेक्शन वळचणीतून आडवा मारा, टी-एल दाबून थिन लाइन्स लावा, आणि तीन मापं घाला: वळचणीच्या तळाखाली मोकळी उंची, दाराच्या चौकटीच्या वर भिंत किती उरते, आणि पडवीचा पत्रा खोलीच्या वळचणीखाली किती अंतरावर बसतो. तिसरं माप १५० च्या आत आलं तर पत्रा बसवणारा तिथे हात घालून स्क्रू मारू शकणार नाही, पडवी खाली घ्या.